फर्स्ट क्लासचा पास, बोरिवली ते चर्चगेट: १९ वर्षं वापरून

आधी माल काय आहे ते सांगतो. कागदाचा छोटा तुकडा, त्यावर दोन स्टेशनांची नावं, ओळखपत्राचा नंबर आणि वर्ग पहिला. हल्ली तो मोबाईलवरही निघतो, पण मला कागदच लागतो, प्लास्टिकच्या पाकिटात, ओळखपत्राच्या पाठीला पाठ लावून. किंमत दुसऱ्या वर्गाच्या काही पट. बदल्यात सीटला गादी मिळते. सकाळच्या फास्ट लोकलला गर्दी तीच असते, फक्त अत्तर महागातलं.

मी हिशेबनीस आहे, त्यामुळे ही माहिती पहिल्यांदा देतो: महिन्या-महिन्याने काढू नका. त्रैमासिक पास मासिकाच्या २.७ पटीत येतो, सहामाही ५.४ पटीत, वार्षिक १०.८ पटीत. वर्षाच्या पासात जवळजवळ सव्वा महिना फुकट पडतो. एवढ्यासाठी वाचायला आला असाल तर इथून गेलात तरी चालेल.

माझा पहिला पास ऑगस्ट २००६चा. बढतीचं पत्र जूनमध्येच हातात आलं होतं, त्यात फर्स्ट क्लासच्या पासाचे पैसे ऑफिस देणार असं लिहिलं होतं. मी घरी पेढे नेले. आई शेजारणीला सांगत होती, "आता हा गादीवर बसून जाणार." मधे ११ जुलै येऊन गेला.

तो मंगळवार होता. संध्याकाळी ६.२४ नंतरच्या ११ मिनिटांत सात गाड्यांमध्ये स्फोट झाले. माटुंगा रोडपासून मीरा रोडपर्यंत, चर्चगेटहून निघालेल्या गाड्या, आणि सातही फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८०हून अधिक माणसं गेली. मी तेव्हा सेकंड क्लासवाला. आमची स्लो एल्फिन्स्टन रोडच्या अलीकडे थांबली (आता प्रभादेवी म्हणतात) आणि पुढे सरकेचना. फोन लागत नव्हते, कुणाचेच. खाली उतरलो, रुळावरून दादर, तिथून रस्त्याने चालत. भाजीच्या एका टेम्पोने वांद्र्यापासून गोरेगावपर्यंत सोडलं, पैसे घेतले नाहीत. रात्री एकच्या सुमाराला घरी पोचलो तर बायको फाटकापाशी छत्री घेऊन उभी. पाऊस केव्हाच थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धावत होत्या आणि मी कामावर गेलो. पेपरात त्याला मुंबईचं स्पिरिट म्हटलं होतं. आमच्या ऑफिसात त्याला मस्टर म्हणतात.

तर ऑगस्टमध्ये पास काढला, आणि पुढचे दीड-दोन महिने खिशात फर्स्ट क्लासचा पास ठेवून मी सेकंड क्लासने गेलो. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही, घरी तर नाहीच. आई विचारायची, गादी कशी आहे? मी म्हणायचो, मऊ आहे.

सेकंड क्लासमध्येही आत जायचो नाही. रॅकवरच्या बॅगांखाली उभं राहायला नको म्हणून दारात. एक हात दांडीला, एक पाय आत, बाकीचा मी मुंबईच्या हवेत. चाळिशीला टेकलेला माणूस, दोन मुलांचा बाप. जोगेश्वरीच्या पुढे एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शर्टाला धरून मला आत ओढलं आणि खांब सपकन गेला. ते म्हणाले, "मरायचंय का?" मी म्हणालो, "नाही, म्हणूनच इथे उभा आहे." त्यांना ते कळलं नाही आणि मला समजावून सांगता येईना.

मुंबईच्या लोकलच्या रुळांवर त्या वर्षांत दरसाल तीन हजारांहून जास्त माणसं जात होती. रूळ ओलांडताना, दारातून पडून, खांबाला आपटून. आजही आकडा दोन हजारांच्या पुढे आहे. मी आकड्यांवर पोट भरणारा माणूस. एका संध्याकाळच्या सात डब्यांना भिऊन मी रोजच्या त्या रांगेत जाऊन उभा राहिलो होतो, आणि मला वाटत होतं की मी सावध आहे.

छातीत धडधड होते म्हणून आमच्या डॉक्टरांकडे गेलो. घरचेच डॉक्टर, कुठले मोठे मानसतज्ज्ञ नव्हेत. कार्डिओग्राम नीट आला. मग त्यांनी विचारलं, गाडीत चढल्यावर काय काय करता? मी सांगितलं: सीटखाली बघतो, रॅक बघतो, प्रत्येक स्टेशनाला पुन्हा बघतो, रात्री अकरापर्यंत बातम्या बघतो. आणि बायको अंधेरीला एक, वांद्र्याला एक, दादरला एक असे फोन करते. ते म्हणाले, "सीटखाली एकदा बघा, ते तुमचं कर्तव्य. दुसऱ्यांदा वाकलात की ते भीतीचं काम. तिचा पगार तिला मिळतो, तुम्ही कशाला राबता?" गोळी दिली नाही. सांगितलेलं असं: डबा एकदा तपासायचा, बातम्या एकदा बघायच्या, आणि बायकोला चर्चगेटला पोचल्यावर एक मिस्ड कॉल. मधे काही नाही.

सगळ्यात जड गेला तो मिस्ड कॉल. पहिल्या आठवड्यात बायको देवापुढे बसून राहायची, तो येईपर्यंत चहा घ्यायची नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी विसरलो, साडेअकराला आठवण झाली, घाबरून फोन केला तर म्हणाली, "अहो, मी भाजी आणायला गेले होते." त्या दिवशी मला खरं तर थोडं वाईट वाटलं.

दसऱ्याच्या आधी मी पहिल्यांदा त्या डब्यात चढलो. मुद्दाम तो दिवस निवडला, कारण दसऱ्याआधीच्या कामाच्या दिवशी लोकलच्या डब्यांत पूजा असते. दाराला झेंडूचं तोरण, खिडक्यांना आंब्याची पानं, पेढे, समोसे. त्या वर्षी तोरण जरा मोठंच होतं. डब्यात कुणी भाषण केलं नाही. एकाने नारळ फोडताना नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटले, एवढंच. मग समोशांवरून भांडण झालं आणि मी कुठल्या ग्रुपचा हे ठरलं.

ग्रुपबद्दल लिहायलाच हवं, कारण पासाबरोबर येणाऱ्या वस्तूंत तीच खरी टिकाऊ. आम्ही रोज एका डब्यातून जाणारे आठजण होतो. त्यात एक मीरा रोडचा, औषध कंपनीत. मुसलमान. २००६च्या जुलैनंतर तो जेवणाचा डबा पारदर्शक पिशवीतून आणायचा. छत्री हातात, बॅग नाहीच. पोळ्या, भाजी, कांदा, सगळं डब्यातल्या सगळ्यांना दिसेल असं. हे का, ते मला नंतर कळलं, इतरांनी सांगितलं. सांगणाऱ्यांनीही त्याला तेव्हा 'बॅग आण रे' असं म्हटलं नव्हतं. पाहिलं होतं फक्त.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी मोठी चूक केली. बायकोला पाच लिटरचा प्रेशर कुकर हवा होता. लोहार चाळीत स्वस्त मिळतो म्हणून जेवणाच्या सुट्टीत आणला आणि संध्याकाळी खोका मांडीवर घेऊन सीटवर बसलो. आता, स्फोट कुकरमध्ये भरलेल्या स्फोटकांनी झाले, असं तपास यंत्रणांनी सांगितलेलं सगळ्यांच्या डोक्यात ताजं. खोक्यावर तर कुकरचा भलामोठा फोटो. मुंबई सेंट्रलपर्यंत आजूबाजूचं बोलणं थांबलं होतं. मला कारण कळेना. समोरच्या कोट घातलेल्या गृहस्थांनी फार सभ्यपणे विचारलं, "नवा आहे का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खोका उघडला, झाकण काढलं, शिट्टी काढली, रबर काढलं, आतली भांडी एकेकाच्या हातात दिली. रबर अंधेरीपर्यंत फिरत होतं. एकाने विचारलं, तूरडाळीला किती शिट्ट्या? दोघांचं त्यावरून जुंपलं. हसून हसून पुरेवाट झाली. मला वाटतं, जुलैनंतर त्या डब्यात लोक मोकळे हसले ते त्या दिवशी.

मीरा रोडवालाही हसला. मग कुकरचं झाकण माझ्या हातात परत देताना हळूच म्हणाला, "मी आणला असता तर?"

जोगेश्वरी आलं, गेलं. कुणी काही बोललं नाही. मी झाकण लावत बसलो, ते नीट बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो बॅग घेऊन आला. काळी, साधी. रॅकवर ठेवायच्या आधी मीच त्याच्या हातातून घेऊन ठेवली. त्या खटाटोपाने त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं असं मी समजत नाही. पण तेव्हापासून आमच्या ग्रुपात एक रीत पडली: शंका आली की माणसाकडे बघायचं नाही, बॅगेकडे बघायचं, आणि मोठ्याने विचारायचं, "ही बॅग कोणाची?" एकदाच. उत्तर आलं की विषय संपला. नाही आलं तर हात लावायचा नाही, पुढच्या स्टेशनाला पोलिसांना सांगायचं. १९ वर्षांत उत्तर न आलेल्या बॅगा तीन. एकीत ओला टॉवेल, एकीत लग्नपत्रिका, तिसरीत काय होतं ते पोलिसांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. परवा मी कांदिवलीला विचारलं, "ही करडी बॅग कोणाची?" तर नव्या पोरांपैकी एक म्हणाला, "काका, तुमचीच."

पासाबरोबर न येणाऱ्या गोष्टी: सुरक्षिततेची हमी. एका स्टेशनावर मेटल डिटेक्टरची चौकट बरीच वर्षं उभी होती. सगळ्यांना बघून वाजायची आणि तिच्याकडे बघायला कुणी नसायचं. मी तिच्या आतून जायचो, तिला वाईट वाटू नये म्हणून. २६ नोव्हेंबर २००८ला सीएसटीच्या हॉलमध्ये गोळ्या चालल्या, १३ जुलै २०११ला झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादरला पुन्हा स्फोट झाले. दोन्ही वेळा धडधड परत आली. दोन्ही वेळा मी पहिल्या दिवशी दाराकडे गेलो, आणि माझा मीच मागे फिरलो. भीती गेली का, असं कुणी विचारलं तर नाही गेली. ती आता तिघांच्या बाकड्यावरच्या चौथ्या सीटसारखी आहे: कुणी सरकून दिलं तर टेकते, पण अख्खं बाकडं तिच्या नावावर नाही. (फर्स्ट क्लासला चौथी सीट मागू नये. भांडणं होतात.)

२०२५च्या जुलैचंही सांगतो. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने २००६च्या स्फोटांच्या खटल्यात १२ जणांना दोषी ठरवलं होतं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ला उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवलं नाही. संध्याकाळच्या गाडीत सगळ्यांच्या मोबाईलवर तीच बातमी. एक म्हणाला, मग केलं कोणी? दुसरा म्हणाला, आणि यांची इतकी वर्षं? मीरा रोडवाला आता वयाने वाकलाय. खिडकीतून बाहेर बघत होता. मला त्याचा तो जुना प्रश्न आठवला, बहुतेक त्यालाही. माहीम गेलं तेव्हा एकाने सवयीने हात जोडले.

तारे द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. गादीचा अर्धा कापला, आता ती पूर्वीसारखी राहिली नाही. एक कापला तो सकाळच्या गर्दीचा. बाकीचे ग्रुपचे आहेत, त्यांच्यावर माझा वैयक्तिक हक्क नाही.

नवीन घेणाऱ्यांना: आत बसा, मधे उभे राहा, दारात नको. घरच्यांना एकच मिस्ड कॉल. कुकर दुपारी न्या.

माझा पास येत्या १४ला संपतो. निवृत्तीला अडीच महिने उरलेत. हिशेबाने दोन मासिक आणि उरलेल्या दिवसांची सुटी तिकिटं काढण्यापेक्षा त्रैमासिकच स्वस्त पडतो, मी मांडून पाहिलंय. म्हणून तोच काढणार आहे. शेवटचे पंधरा दिवस कामाविना जाऊन येईन. ग्रुपला सांगितलेलं नाही अजून.