मेक्सिकन फेंडर सांगून ३४,५०० रुपयांना स्क्वायर गळ्यात मारली

चौतीस हजार पाचशे रुपये. २,००० टोकन आणि ३२,५०० गिटार हातात आल्यावर, दोन्ही यूपीआयने. मेक्सिकोत बनलेली फेंडर कंपनीची प्लेअर सीरिजमधली स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) ही इलेक्ट्रिक गिटार म्हणून हे पैसे घेतले आणि दिली स्क्वायर. फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड, त्यातही सगळ्यांत खालच्या रेंजमधली. हेडस्टॉकवरचं (गिटारीच्या डोक्यावरचं) मूळ नाव घासून काढलेलं आणि त्यावर फेंडरचं स्टिकर चिकटवलेलं. हे मॉडेल दुकानात नवंकोरं याच्या निम्म्या पैशांत येतं.

जुन्या वस्तूंच्या ॲपवरची जाहिरात, ‘कॅनडाला चाललोय’, ‘बिल घर बदलताना हरवलं’, ‘अजून दोघं मागे लागलेत’ हे सगळं तुम्हाला पाठ असेल. मलाही पाठ होतं. म्हणूनच कुरिअरने मागवली नाही, पुण्यातल्या पुण्यात प्रत्यक्ष जाऊन बघितली. सीरियल नंबरही तपासला. २०१० पासून मेक्सिकन फेंडरचा नंबर ‘एमएक्स’ने सुरू होतो आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे असतात. यावर ‘एमएक्स१९’ होतं. नंबरही चिकटवता येतो हे जिने कधी नकली गिटार बघितलीच नाही तिला कुठून सुचणार?

पण एक क्षण असा होता की आजही आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते. विकणाऱ्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गिटार मांडीवर घेतली, पहिल्या तारेवर बोट सरकवत शेवटपर्यंत नेलं. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या (दांड्यावरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्या, एकवीस. प्लेअर सीरिजला बावीस असतात. मी विचारलंसुद्धा, “बावीसावा कुठाय?” तो शांतपणे म्हणाला, “ताई, मेक्सिकनला एकवीसच असायचे, बावीस आत्ता आत्ता आले.” आणि यातलं अर्धं खरं आहे! जुन्या मेक्सिकन ‘स्टँडर्ड’ मॉडेलला एकवीसच फ्रेट होते. पण प्लेअर सीरिज आली २०१८ मध्ये, बावीस फ्रेट घेऊनच. म्हणजे २०१९ चा नंबर, प्लेअर हे नाव आणि एकवीस फ्रेट या तिन्ही गोष्टी एका गिटारवर असूच शकत नाहीत. तिन्ही माझ्या मांडीवर होत्या. मी पुढे काही बोलायच्या आत त्याने ॲम्पचं डिस्टॉर्शन (आवाज फाटका, खरखरीत करणारं) पूर्ण वर नेलं आणि वाजवायला लागला. त्या गोंगाटात चांगला पिकअप (तारांचा कंप पकडणारा चुंबकाचा भाग) आणि साधा पिकअप कोणाला वेगळा ऐकू येतो? गिटार ऐकायची तर क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवायच्या आवाजावर, आणि स्वतः वाजवून. विकणाऱ्याला वाजवू देऊच नका.

घरी आल्यावर खटकलं ते हेडस्टॉकच्या कपाळावरची चकाकी बाकीच्या नेकपेक्षा वेगळी होती म्हणून. दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी आधी पट्टी लावून बॉडीची जाडी मोजली: ४० मिलिमीटरसुद्धा नाही. खऱ्या स्ट्रॅटची ४४-४५ असते. मग पिकगार्डचे (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे) अकरा स्क्रू काढून ते उलटं केलं. पिकअपच्या पोटाला सिरॅमिक चुंबकाची चपटी पट्टी. प्लेअरच्या पिकअपमध्ये अल्निको धातूच्या कांड्या हेच चुंबक असतात, खाली पट्टी नसतेच. पॉट (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांखालचे भाग) छोटे, वायर बारीक. “बारा हजारांच्या वर कोणी देणार नाही,” काका म्हणाले. सेटअपचे (गिटार नीट वाजेल अशी जुळवून देण्याचे) १,२०० घेतले.

जुनी गिटार घ्यायला जाताना स्क्रूड्रायव्हर आणि सहा इंची पट्टी न्या. पिकगार्ड उघडायला नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आणि ‘स्वस्त गिटार घेतली की असंच होणार’ हे मला ऐकवू नका, बहिणीने ऐकवून झालंय. स्वस्त गिटारीचा यात काहीही दोष नाही. सेटअप केल्यावर ही सुरात राहते, ॲक्शन (तारांची नेकपासूनची उंची) खाली आली, फ्रेटची बोचणारी टोकं घासल्यावर हात सहज फिरतो. स्क्वायर नावाने गिटारी १९८२ मध्ये जपानमध्ये बनायला लागल्या, त्या पहिल्या गिटारींना आज लोक शोधत फिरतात. शिकणाऱ्याने बारा-पंधरा हजारांची गिटार स्क्वायर म्हणूनच घ्यावी, वर हजार-दीड हजार सेटअपला ठेवावेत. मला लुटलं ते लाकडाने नाही, स्टिकरने. वरचे बावीस हजार त्या चिकटवलेल्या नावाचे गेले.

आता पोलीस ठाणे. ठाणे अंमलदार पहिलंच वाक्य काय बोलावेत? “मॅडम, गिटार तर मिळाली ना?” पितळ सोनं म्हणून विकलं तर सोनाराला सोडता का, असं विचारलं तर म्हणाले दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. दिवाणी कशी? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. ट्रेड मार्क कायदा, १९९९ मध्ये कलम १०४ आहे, खोटं नाव लावलेला माल विकणं हा गुन्हाच आहे. दोन्ही कलमं छापून नेली. कागद बाजूला सरकवला आणि मला सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर व्यवहार झालाय, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ठाण्यात जा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक आला, पुढे काही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कळलं की घरची जुनी वस्तू विकणारा माणूस व्यापारी धरला जात नाही. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात आधी बँकेचं उत्तर आणा. ॲपवाले म्हणतात जाहिरात काढून टाकलेली आहे, आता माहिती देता येत नाही. त्याचं नाव, मोबाइल, यूपीआय आयडी, सोसायटीचा पत्ता सगळं मी टेबलावर ठेवलंय! कोणाला काय शोधून काढायचं बाकी आहे? एक हवालदार उठून दहा मिनिटांत तिथे पोचेल. माझ्या हातात आहे फक्त अर्जाची शिक्का मारलेली पोच, आणि तीही भांडून घेतलेली. शिक्क्याशिवाय ठाण्यातून हलू नका.

ॲपवरचं बोलणं आणि जाहिरात, दोन्हीचे स्क्रीनशॉट पैसे देण्याआधी घ्या. ‘प्लेअर, मेड इन मेक्सिको’ हे त्याच्याकडून लिहून घ्या, फोनवर बोललेलं कामाला येत नाही.

या आठवड्यात त्याच पार्किंगमधले फोटो घेऊन नवी जाहिरात आली आहे. या वेळी काळी स्ट्रॅट, ३६,००० रुपये, कॅनडा तोच. ती मी ठाण्यात नेऊन दिली, उत्तर आलं, “बघतो.” पुण्यात कोणी या माणसाला टोकन दिलं असेल तर गप्प बसू नका, स्वतःची वेगळी तक्रार करा आणि मला कळवा. दोन अर्ज एकत्र घेऊन आपण थेट पोलीस आयुक्तालयात जाऊ.