बारीक प्रिंट की मोठा, प्लेनसोबत की प्रिंटवर प्रिंट: रोजच्या कपड्यांसाठी काय घ्यावं?

कपाटात सगळं प्लेनच साठलंय, आता प्रिंट घालावेसे वाटतायत पण सुरुवात कुठून करायची कळत नाहीये, अशांसाठी हे लिहितेय. बऱ्याच खरेदीनंतर मला एक गोष्ट पक्की कळली, हँगरवर जो प्रिंट सगळ्यात जास्त डोळ्यात भरतो तोच रोज घालायला सगळ्यात अवघड जातो.

आधी बारीक आणि मोठा यातलं बघू. बारीक म्हणजे छोटे ठिपके, बुट्ट्या, इवलीशी फुलं. चार पावलं मागे जाऊन आरशात बघा, हे सगळं एकमेकांत मिसळतं आणि कपडा जवळजवळ प्लेनच वाटायला लागतो, निळ्यावरचे पांढरे टिपके लांबून नुसता फिका निळा रंग दिसतात. म्हणून तो कशावरही चालतो आणि आठवड्यात दोनदा घातला तरी कुणाच्या लक्षात राहत नाही. मोठ्याचं बरोबर उलटं. माझ्याकडे गडद हिरव्यावर तळहाताएवढी केशरी फुलं असलेला शर्ट आहे, मला तो अजूनही फार आवडतो, पण एकदा घातला की सगळ्यांना आठवतो, आणि मग परत कधी घालायचा याचा विचार मीच करत बसते. दोन वर्षांत तो जेमतेम पाच-सहा वेळा बाहेर पडला, आणि त्याच सुमारास घेतलेला ठिपक्यांचा शर्ट कॉलर झिजेपर्यंत वापरला.

मोठ्या प्रिंटमध्ये शिवण फार महत्त्वाची असते आणि हे कुणी सांगत नाही. बटणं लावल्यावर पुढची पट्टी बघायची, फूल डावीकडून उजवीकडे नीट जुळतंय की अर्धी पाकळी दोन बोटं खाली सरकलीये? खिसा असेल तर तिथलं डिझाइन मागच्या कापडाशी जुळतंय का? असं जुळवायला कापड जास्त लागतं, त्यामुळे घाईत शिवलेल्या कपड्यात ते सोडून देतात. बारीक ठिपक्यात ही चूक लपून जाते, मोठ्या फुलात समोरच्याला पहिली तीच दिसते. शिवाय फूल अंगावर नेमकं कुठे येतंय तेही घालूनच कळतं, घडी करून ठेवलेल्या कपड्यावरून अजिबात नाही.

पट्ट्यांना मी वेगळं काढते, कारण ते प्रिंट आणि प्लेनच्या मधले आहेत. आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो असं सगळेच म्हणतात, पण आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच आणि अरुंद वाटतो हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच लिहून ठेवलंय, आणि २०११ मध्ये ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांच्या चित्रांवर तपासलं तेव्हाही आडव्या पट्ट्यांनी जाड दिसतं असं काही निघालं नाही. तेव्हा या भीतीने आडवे पट्टे सोडू नका. फक्त दोन पट्ट्यांमधली जागा बघा. फ्रेंच नौदलाने १८५८ मध्ये खलाशांच्या बनियनचं माप ठरवलं, पांढरा पट्टा २० मिलिमीटर आणि निळा १० मिलिमीटर, म्हणजे मोकळी जागा रेघेच्या दुप्पट. मला वाटतं तो शर्ट शांत दिसतो तो याचमुळे. दोन्ही रंग सारख्याच जाडीचे आणि एकदम काळे-पांढरे असले की डोळ्यांना टोचतं. आणि व्हिडिओ कॉल बरेच असतील तर अगदी बारीक दाट पट्टे नकोतच, कॅमेऱ्यात ते लाटांसारखे हलल्यासारखे दिसतात.

आता घालायचं कसं. प्रिंटखाली प्लेन हा सोपा रस्ता, पण त्यातही लोक पँट काळीच घालतात आणि मग सगळं सारखंच दिसायला लागतं. त्यापेक्षा प्रिंटमध्ये अगदी थोडा असलेला एखादा रंग शोधा, फुलाच्या देठाचा, पानाच्या कडेचा, आणि त्या रंगाची पँट किंवा स्कार्फ घ्या, तोच शर्ट एकदम विचार करून घातल्यासारखा दिसतो.

प्रिंटवर प्रिंट दिसायला जास्त छान, पण चुकलं तर लगेच कळतं. माझ्या अनुभवात दोन अटी पाळल्या की सहसा जमतं. दोन्हीत एक रंग सामायिक हवा, आणि आकारात सरळ सरळ फरक हवा. मोठ्या फुलांसोबत बारीक पट्टे जमतात, मोठ्या चेक्ससोबत छोटे ठिपके जमतात, पण सारख्याच आकाराची फुलं वर आणि खाली आली की ती भांडायला लागतात आणि नजर कुठे थांबत नाही. तरी धाकधूक वाटत असेल तर मध्ये काहीतरी प्लेन आणा, बेल्ट, उघडं जॅकेट, काहीही. नवीन असाल तर पट्टे आणि फुलं हीच जोडी आधी करून बघा, कारण पट्टे बऱ्यापैकी प्लेनसारखेच वागतात.

घेताना कापड उलटं करून बघायची सवय लावा. रंग मागपर्यंत उतरलेला असेल आणि हाताला कापड मऊ लागत असेल तर बहुतेक वेळा रंग धाग्यात शिरलेला असतो. वरून जाडसर, रबरासारखा थर लागत असेल तर तो थर धुता धुता घासला जातो, घडीच्या जागी तडे पडतात. ताणणाऱ्या कापडाचा प्रिंट दोन्ही हातांनी ताणून बघा, मधून पांढरं दिसलं तर गुडघ्यावर आणि पाठीवरही तसंच दिसणार. चेक्स घेताना ते विणलेले आहेत की छापलेले तेही बघा, विणलेले दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात आणि धाग्यातच असल्यामुळे पुसत नाहीत.

एवढं सगळं बघून पहिला एकच प्रिंट घ्यायचा असेल तर माझं मत बारीक प्रिंटला, आणि त्याचा बेस तुमच्याकडे आधीच असलेल्या प्लेन कपड्यांपैकी कुठल्या तरी रंगाचा असू दे. शिवाय बहुरंगी बारीक प्रिंटवर डाग आणि चुण्या प्लेनपेक्षा कमी दिसतात, ज्यांचा दिवस धावपळीत जातो त्यांना हे फार उपयोगी पडतं.

आणि मोठा प्रिंट आधीच घेऊन पडला असेल तर देऊन टाकू नका. प्लेन टी-शर्टवर बटणं न लावता जॅकेटसारखा घाला, नाहीतर स्वेटरच्या आत घालून फक्त कॉलर आणि हाताची कड बाहेर ठेवा. माझा तो हिरवा शर्ट आता असाच बाहेर पडतो, गळ्याशी केशरी फुलाची एकच पाकळी दिसते.