प्लगइनच्या इन्स्टॉलेशन सूचना टूलने बनवायच्या तर: साचा, प्रश्नावली की एआय?

प्लगइन, म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहून झालं तरी ते बसवायचं कसं हे लिहायचं राहूनच जातं. एक-दोन प्लगइन असतील तर सूचना सरळ हाताने लिहा, त्यासाठी टूल नको. पण संख्या वाढली, जुन्या-नव्या आवृत्त्या एकाच वेळी वापरात राहिल्या, की हाताने लिहिलेलं पान भराभर शिळं होतं. तिथून पुढे टूल बनवणं परवडतं. ते तीन प्रकारे बनवता येतं: ठरलेल्या साच्यात माहिती भरून, वाचकाला प्रश्न विचारून, किंवा एआयकडून मजकूर लिहून घेऊन.

या तिन्हींची तुलना करताना लोक दिसायला काय छान आहे ते आधी बघतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: सूचनेतली माहिती कुठून येते, आणि ती चुकली तर कुणाच्या लक्षात येईल?

साच्याचं चांगलं उदाहरण मीडियाविकीचं, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरचं आहे. तिथल्या एक्सटेन्शनच्या (म्हणजे प्लगइनच्या) पानावर लेखक एवढंच भरतो की डेटाबेस अपडेट लागतो का, कंपोझर (लागणारा इतर कोड आणणारं टूल) लागतो का, काही खास पायरी आहे का. बाकीचा मजकूर साचा देतो: फाइल्स उतरवा, एक्सटेन्शन्सच्या फोल्डरमध्ये ठेवा, लोकलसेटिंग्ज या सेटिंग्जच्या फाइलमध्ये एक ओळ घाला, लागत असेल तर अपडेट स्क्रिप्ट चालवा, शेवटी आवृत्तीच्या विशेष पानावर जाऊन एक्सटेन्शन यादीत आलं का ते बघा. मीडियाविकी १.४० पासून अपडेटसारख्या मेंटेनन्स स्क्रिप्ट चालवायची पद्धत बदलली. सूचना साच्यातून येत असतील तर असा बदल एकाच जागी करावा लागतो. हाताने लिहिलेल्या पानांत तो एकेक करून शोधत बसावं लागतं.

याच्याही पुढे जाता येतं. लेखकाला फॉर्म भरायला न लावता टूलने थेट मॅनिफेस्ट, म्हणजे प्लगइनसोबतची त्याच्या माहितीची फाइल, वाचावं. बहुतेक ठिकाणी ही फाइल आधीच असते. वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये किमान वर्डप्रेस आणि पीएचपी (ते ज्या प्रोग्रामिंग भाषेत आहे ती) आवृत्ती लिहिलेली असते, नकाशांसाठीच्या क्यूजीआयएसच्या मेटाडेटा फाइलमध्ये किमान क्यूजीआयएस आवृत्ती असते, व्हीएस कोड या कोड एडिटरच्या एक्सटेन्शनमध्ये त्यासाठी 'इंजिन्स' ही नोंद असते, आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या ४.२ आवृत्तीपासून तिथेही वेगळी मॅनिफेस्ट फाइल आली. मला हा मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण मॅनिफेस्ट फक्त माणसं वाचत नाहीत, मूळ सॉफ्टवेअरही वाचतं. तिथला आकडा जास्त कडक पडला तर प्लगइन चालूच होत नाही आणि तक्रार लगेच येते. रीडमीतला (प्लगइनसोबतच्या माहितीपत्रकातला) चुकलेला आकडा मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो.

मॅनिफेस्टला सगळं कळतं असं नाही, आणि नेमक्या तिथेच लोक अडकतात. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून झिप उतरवली की आतल्या फोल्डरच्या नावाला 'मेन' किंवा 'मास्टर' हे शेपूट लागतं. मीडियाविकी फोल्डर शोधतं ते नेमक्या नावाने, त्यामुळे सगळ्या पायऱ्या बरोबर करूनही एरर येते. ही माहिती प्लगइनच्या लेखकाकडून येणार नाही. ती साच्यातच कायमची लिहिलेली हवी: 'फोल्डरचं नाव बदलून असं करा'. चांगला साचा आणि नुसता साचा यांतला फरक अशा ओळींमध्येच असतो.

प्रश्नावली कामाची ठरते ती प्लगइन तेच असून वाचकाच्या मशीनप्रमाणे पायऱ्या बदलतात तेव्हा. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या पानावर ऑपरेटिंग सिस्टिम, पॅकेज मॅनेजर (तयार कोडचे गठ्ठे, म्हणजे पॅकेज, बसवणारं टूल), कूडाची (ग्राफिक्स कार्डवर गणित चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती निवडली की एकच तयार कमांड हातात येते. सर्टबॉट हे वेबसाइटला एचटीटीपीएस प्रमाणपत्र मिळवून देणारं टूल वेब सर्व्हर आणि सिस्टिम विचारून त्यानुसार पायऱ्या देतं. वाचकाला हे आवडतं, पण बनवणाऱ्याला जड जातं: ३ सिस्टिम, ४ आवृत्त्या आणि बसवायच्या २ पद्धती धरल्या तर २४ निकाल होतात आणि प्रत्येक तपासावा लागतो. कधी कधी प्रश्न टाळताही येतो. उदाहरणार्थ, कमांडमधलं चौकोनी कंस असलेलं पॅकेजचं नाव घ्या. झेडशेलमध्ये (मॅकवर कमांड जिथे देतात त्यात) ते अवतरणात न ठेवता दिलं तर कमांड अडते. एकेरी अवतरणात ठेवलं तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर बिनसतं, कारण तिथे एकेरी चिन्हाला अवतरण मानत नाहीत. दुहेरी चिन्ह दोन्हीकडे चालतं. असं एक रूप सगळीकडे चालत असेल तर तो प्रश्न विचारूच नका.

आणि विचाराल तेही वाचकाला उत्तर देता येईल असं विचारा. 'तुमची पीएचपी आवृत्ती कोणती?' याच्या शेजारीच ती कुठे दिसते ते लिहा. ब्राउझरवरून सिस्टिम ओळखून आधीच निवडून ठेवायला हरकत नाही, पण ती बदलता आली पाहिजे. पान फोनवर उघडलेलं आणि काम सर्व्हरवर, असं सर्रास घडतं.

एआयचा मजकूर वाचायला सगळ्यात सोपा असतो, म्हणूनच तो थेट वाचकासमोर ठेवायला माझा विरोध आहे. चुकीची पायरीही तो तितक्याच ठामपणे सांगतो. ब्लेंडर ४.२ मध्ये ॲड-ऑन (तिथलं प्लगइन) बसवण्याचं बटण हलून 'इन्स्टॉल फ्रॉम डिस्क' या नावाने एका मेन्यूत गेलं, पण इंटरनेटवरचा ढीगभर जुना मजकूर अजून जुनंच बटण दाखवतो आणि एआय मॉडेल त्यावरच शिकलेलं असतं. याहून गंभीर गोष्ट म्हणजे अस्तित्वात नसलेली पॅकेजची नावं. मॉडेलने रचलेलं नाव कुणी आधीच नोंदवून त्यात घातक कोड ठेवला असेल तर सूचना पाळणारा वाचकच फसतो. एआय वापरायचं तर पडद्यामागे वापरा: जुन्या रीडमीतून मॅनिफेस्टमध्ये राहिलेल्या नोंदींचा मसुदा काढायला, किंवा कमांड जशाच्या तशा ठेवून भोवतीचा मजकूर दुसऱ्या भाषेत न्यायला. दोन्हींवर माणसाची नजर हवी.

थोडक्यात, एकाच सॉफ्टवेअरसाठी बरीच प्लगइन असतील तर मॅनिफेस्ट वाचणारा साचा घ्या. प्लगइन एकच आणि वाचकांची मशीनं तऱ्हेतऱ्हेची असतील तर प्रश्नावली. दोन्ही अडचणी असतील तर साचाच ठेवून त्यावर फार तर दोन प्रश्न घाला.

काहीही निवडलंत तरी पायऱ्या सलग मजकुरात न ठेवता वेगवेगळ्या नोंदी म्हणून साठवा. मग प्रत्येक रिलीजच्या वेळी त्याच नोंदी कोऱ्या कंटेनरमध्ये (मशीनवरच बनवलेल्या वेगळ्या, रिकाम्या सिस्टिममध्ये) आपोआप चालवून बघता येतात, आणि एखादी पायरी मोडली तर वाचकाच्या आधी तुम्हाला कळतं. माउसने करायच्या पायऱ्या अशा चालवणं अवघड असतं. त्यांच्यापुढे त्या शेवटच्या कोणत्या आवृत्तीवर तपासल्या ते छापा, आणि नवी आवृत्ती आली की तेवढ्याच हाताने तपासा.