शेणाचं ‘डिझेल’: करारातली पाण्याची ओळ आधी वाचा

आमच्या दारव्ह्याकडे एक टोळी फिरून गेली. ती तुमच्याकडेही येईल, म्हणून लिहितो. आमच्या मशीनमध्ये शेण, पऱ्हाटी, सोयाबीनचं कुटार, काहीही टाका, तेल निघतं. ते आम्हीच लिटरमागे 60 रुपयांनी घेऊ, असं सांगतात. मशीनपोटी आमच्या गटाचे 4 लाख गेले.

तंत्र खोटं नाही, खरी मेख तिथंच आहे. हवाबंद टाकीत काडीकचरा 400 ते 600 अंशांवर तापवला की कोळसा, जळणारा वायू आणि काळं तेल मिळतं. याला पायरोलिसिस म्हणतात. मोबाइलवर शोधलं तर खरीच माहिती सापडते आणि माणूस निश्चिंत होतो.

प्रात्यक्षिकाला माल त्यांचाच, वाळवून भुगा केलेला. नळीतून तेल आलं, त्यावर पंप धडधडला, टाळ्या पडल्या. एक म्हातारबा तेवढे म्हणाले, "काहून रे, टायर जाळल्यावानी वास येऊन राहिला!" सगळे हसले. जुन्या टायरचं तेलही याच पद्धतीनं काढतात आणि ते चांगलं पेटतं. काडीकचऱ्याच्या तेलाला धुरकट, आंबूस वास येतो. ते आम्लधर्मी असतं, डिझेलमध्ये मिसळत नाही आणि इंजिनचे पार्ट खातं.

शेणाचा हिशेब तर त्याहून सोपा. ताज्या शेणात साधारण 80 टक्के पाणी, म्हणजे 100 किलोत सुका माल जेमतेम 20 किलो. ते पाणी आगीवर उडवायचं तर शेणातली निम्म्याहून जास्त उष्णता तिथंच संपते. उन्हात वाळवलं तर झाल्या गोवऱ्या. मग त्या सरळ चुलीतच का घालू नये? ओल्या शेणाला आपला गोबरगॅसच बरा, त्याला पाणी लागतंच.

आता करार. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पाण्याचे प्रमाण 1 टक्क्याहून कमी असलेले तेलच खरेदी केले जाईल.’ या तेलात मुळातच बहुधा 15 ते 30 टक्के पाणी असतं, कधी त्याहूनही जास्त. तापवून उडवायला जावं तर तेलच घट्ट होऊन डांबर बनतं. म्हणजे आपलं एक लिटरही घ्यायचं नाही, हे सही होतानाच ठरलेलं! आमचं प्रत्येक पिंप नापास झालं. ठाण्यात उत्तर मिळालं, "करार त्यांनी मोडला कुठे? दिवाणी कोर्टात जा."

वकील मात्र म्हणतात, टायरचं तेल शेणाचं म्हणून दाखवलं असेल तर ती सरळ फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. पण ते सिद्ध कशानं करणार? प्रात्यक्षिकाच्या दिवशी एका पोरानं शेकोटी पेटवायला बाटलीभर तेल नेलं होतं. त्यातलं उरलेलं आता तपासणीला दिलं आहे.

तुमच्याकडे मशीन आली तर तुमच्याच गोठ्यातलं ओलं शेण टाकीत घालायला लावा आणि निघालेलं तेल पंचांसमोर सीलबंद करून ठेवा. कां-कू करू लागले तर चहा पाजून वाटेला लावा.