दहा रुपयांत आयुक्तांची नोटशीट: माहिती अधिकार सेवा, इंदूरहून पाहिलेली

मध्य प्रदेशात सरकारी शाळांचा वरिष्ठ अधिकारी कसा नेमला जातो, हे कागदावर पाहायचे तर सामान्य इंदूरकराच्या हाती एकच सेवा आहे: माहितीचा अधिकार. अर्जाचे 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ, उत्तराची मुदत 30 दिवस. सेवा स्वस्त आहे आणि कामाचीही आहे. मात्र अर्जात जे मागाल तेवढेच मिळते, आणि या विषयात घोटाळा बहुधा पहिल्याच ओळीत होतो.

तिथला फसवा शब्द म्हणजे ‘नियुक्ति’. सरकारी शाळांचा हा वरिष्ठ अधिकारी म्हणजे आयुक्त, लोक शिक्षण. या खुर्चीत आयएएस अधिकारी बसतो. त्याची नियुक्ती सेवेत झालेली असते आणि ती केंद्राकडून. खुर्चीत तो येतो बदलीच्या आदेशाने. जाहिरात नाही, मुलाखत नाही, अर्जदारांची रांग नाही. म्हणून अर्जात ‘पदस्थापना’ लिहावे. सामान्य प्रशासन विभागाच्या बदली आदेशांत हाच शब्द असतो. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत हवा. घरात चार पिढ्यांची मराठी असली तरी मराठी अर्ज इथे कायद्यात बसत नाही, कारण कायदा त्या भागाची राजभाषा विचारतो.

दुसरी चूक पत्त्याची. जवळ पडते म्हणून इंदूरच्या संयुक्त संचालक कार्यालयात अर्ज टाकू नये. त्यांच्याकडे संभागातले (महसुली विभागातले) आठ जिल्हे आहेत, आयुक्ताच्या पदस्थापनेची फाईल नाही. भोपाळच्या गौतम नगरातल्या लोक शिक्षण संचालनालयातही ती मिळायची नाही, कारण वरिष्ठाच्या पदस्थापनेची फाईल त्याच्याच कार्यालयात तयार होत नसते. ती असते वल्लभ भवनात, म्हणजे भोपाळच्या मंत्रालयात, सामान्य प्रशासन विभागाकडे. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो, पण त्या भरवशावर राहण्यापेक्षा लोक सूचना अधिकाऱ्याचे, म्हणजे हे अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याचे, कार्यालय आधीच नीट निवडलेले बरे.

आणि ‘सर्वोच्च अधिकारी’ असे मोघम तर मुळीच लिहू नये. पहिली ते आठवीचा कारभार राज्य शिक्षा केंद्र पाहते, तिथला संचालक वेगळा. आलीराजपूर-झाबुआकडच्या आदिवासी विकासखंडांतल्या शाळा जनजातीय कार्य विभागाच्या, तिथला आयुक्त वेगळा. या सगळ्यांच्या वर मंत्रालयात विभागाचा सचिव किंवा प्रमुख सचिव. पदनाम पूर्ण लिहिले नाही तर अर्ज स्पष्ट नाही म्हणून परत येण्याची सोय आपणच करून देतो.

आता मागायचे काय? नुसता आदेश मागितला तर एक पान हाती येईल, आणि ते बहुधा विभागाच्या संकेतस्थळावर आधीच असते. खरा माल नोटशीटमध्ये, म्हणजे फाईलवरच्या टिपणांत आणि शेऱ्यांत असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2013 मधल्या निकालानंतर आयएएस संवर्ग नियम, 1954 मध्ये जानेवारी 2014 मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संवर्ग पदावरची, म्हणजे आयएएस अधिकाऱ्यांसाठी ठरवून ठेवलेल्या पदावरची, पदस्थापना सिव्हिल सेवा मंडळाच्या शिफारशीने व्हायची आहे. मंडळाचे अध्यक्ष मुख्य सचिव. अशा पदावर किमान दोन वर्षे. बढती, निवृत्ती, राज्याबाहेर प्रतिनियुक्ती किंवा दोन महिन्यांहून लांब प्रशिक्षण एवढेच अपवाद. त्याआधी हलवायचे तर मंडळाने कारणे तपासायची, आणि मंडळाची शिफारस डावलायची तर सक्षम अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवायचे. म्हणून मागणी अशी असावी: अमुक तारखेच्या आदेशासंबंधी मंडळाच्या बैठकीचे कार्यवृत्त, संबंधित नोटशीटची पाने, आणि मुदतीआधी बदली झाली असल्यास नोंदवलेली कारणे. ‘का बदलले?’ असा प्रश्न विचारू नये. कायदा असलेला कागद देतो, खुलासा नाही.

आदेशाचा तळही वाचावा. तिथे वेतन नियमांचा हवाला देऊन एखादे ‘असंवर्गीय’ पद संवर्गीय पदाच्या समकक्ष घोषित केल्याचा परिच्छेद असू शकतो. तो आपण विचारत असलेल्या पदाबद्दल असेल तर दोन वर्षांच्या नियमाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. असंवर्गीय पदाचा कालावधी राज्य सरकार ठरवते. पूर्ण अर्ज दोन वर्षांच्या मुद्द्यावर बेतलेला असला तर सगळी मेहनत वाया जाते, तेव्हा हे आधी पाहून घ्यावे.

नकार आला तर बहुधा कलम 8(1)(जे) चा, म्हणजे वैयक्तिक माहिती. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने हे कलम आणखी कडक केले. त्यातला जनहिताचा अपवाद गेला. कलम 8(2) मात्र शाबूत आहे: जनहित हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते. अपिलात तेच धरावे. अधिकाऱ्याचे गोपनीय अहवाल अर्जात मागूच नयेत, बाकीचे कागदही त्यांच्याबरोबर अडकतात. पहिले अपील नकारापासून 30 दिवसांत, मध्य प्रदेशात त्याचे 50 रुपये. दुसरे 90 दिवसांत राज्य सूचना आयोगाकडे, 100 रुपये. प्रतींचे पानामागे 2 रुपये. मुदत उलटून माहिती आली तर प्रती फुकट मिळायला हव्यात, कलम 7(6). तरीही शुल्काचे पत्र आले तर हे कलम उद्धृत करून उत्तर द्यावे. उशिरासाठी अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड, कमाल 25,000. तो आयोगाने लावला तरच.

फाईल प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क आहे, पण त्यासाठी भोपाळ गाठावे लागते, एका बाजूचे सुमारे 190 किलोमीटर. नोटशीट चार-सहा पानांची असेल तर प्रतीच मागवाव्यात. मंडळाच्या अनेक बैठका चाळायच्या असतील तरच गाडीभाडे वसूल होते.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण पत्त्याच्या गोंधळाचा कापला, एक अपिलाच्या शुल्काचा: 10 रुपयांच्या अर्जाला नकार देणे खात्याला फुकट पडते आणि त्यावर दाद मागणाऱ्याला दीडशे.