आठ महिने ‘फाइल’ आणि ‘युचार्डेट’: सोलापुरी तीन लिप्यांच्या फायलींवर

फायलीतली अक्षरं बाइटांत कोणत्या पद्धतीने साठवलीत, म्हणजे तिचं एन्कोडिंग काय, हे ओळखणाऱ्या या दोन कमांड. आधी निकाल: ‘फाइल’ला चार तारे, ‘युचार्डेट’ला अडीच. खरा भरवशाचा निघाला तो तिसराच, एका एन्कोडिंगमधून दुसऱ्यात नेणारा ‘आयकॉन्व्ह’.

सोलापुरात छापखाना असो की चादरीचा कारखाना, संगणकात मराठी, कन्नड, तेलुगू असा तिन्ही लिप्यांतला मजकूर असतो, वर जुन्या फाँटांचे थर. लिनक्सवर ‘फाइल -आय’ दिलं की एन्कोडिंग लगेच कळतं. मॅकवर मात्र ‘आय’ मोठ्या लिपीतला हवा. छोट्याचं काम तिथे वेगळं आहे.

मोठी अडचण अशी की एन्कोडिंग ठरवताना ‘फाइल’ सुरुवातीचे साधारण ६४ केबीच बघतं. ग्राहकांच्या लांबलचक यादीत वर सगळी इंग्रजी नावं आणि तळाशी चार मराठी असतील, तर उत्तर येतं ‘यूएस-अस्की’, म्हणजे निव्वळ इंग्रजी. नव्या आवृत्तीत ‘-पी एन्कोडिंग=’ देऊन ही मर्यादा वाढवता येते. त्यापेक्षा यूटीएफ-८ (युनिकोडचं नेहमीचं एन्कोडिंग) मधून यूटीएफ-८ मध्येच ‘आयकॉन्व्ह’ चालवावं आणि आउटपुट फेकून द्यावं. ते पूर्ण फाइल वाचतं आणि जिथे बाइट बिघडलाय ती जागाही सांगतं.

‘युचार्डेट’ अंदाज बांधतं. दोन ओळींच्या फायलीवर त्याचा भरवसा नको.

लिपी कोणती हे दोघंही सांगत नाहीत. त्यासाठी बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या ‘एक्सएक्सडी’ने यूटीएफ-८ फाइल पाहा: ई० ए४ किंवा ई० ए५ म्हणजे देवनागरी, ई० बी० किंवा बी१ म्हणजे तेलुगू, ई० बी२ किंवा बी३ म्हणजे कन्नड.

श्रीलिपी, कृतिदेव किंवा कन्नड नुडी अशा युनिकोडपूर्व फाँटांच्या जुन्या फायलींवर उत्तर येतं ‘आयएसओ-८८५९-१’ नाहीतर ‘अननोन-८बिट’. साधनाची चूक नाही. तिथे अक्षरांचे नव्हे, फाँटातल्या आकारांचे क्रमांक साठवलेले असतात. ‘आयकॉन्व्ह’ इथे कुचकामी, त्या-त्या फाँटाचा कन्व्हर्टरच लागतो. इस्की (भारतीय लिप्यांचं जुनं प्रमाण एन्कोडिंग) फाइल वेगळी, तिला आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं ‘युकॉन्व्ह’ चालतं.

सगळ्यात फसवी फाइल दुहेरी एन्कोडिंगची. उघडल्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि चलनाचं गोल चिन्ह यांची रांग दिसते, तरी ‘फाइल’ म्हणणार यूटीएफ-८. आणि ते खरंही असतं! यूटीएफ-८ मजकूर कुणीतरी विंडोज-१२५२ (विंडोजचं युरोपीय भाषांचं जुनं एन्कोडिंग, उर्फ सीपी१२५२) समजून पुन्हा यूटीएफ-८ केलेला असतो. उलट दिशेने, म्हणजे यूटीएफ-८ मधून सीपी१२५२ मध्ये, ‘आयकॉन्व्ह’ करून पाहावं, पण ते बहुधा पहिल्याच जोडाक्षरावर अडतं. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, आणि विंडोज-१२५२ मध्ये त्या जागी अक्षरच नाही. देवनागरी ‘ए’ आणि ‘ऐ’चंही तेच. अशा वेळी बिघडलेला मजकूर दुरुस्त करणारं पायथॉनचं ‘एफटीएफवाय’ जास्त सोडवतं. ‘ठ’चा शेवटचा बाइट ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, मधल्या कुणी कॉपी-पेस्ट करताना ती साधी केली असेल, तर ‘मराठी’तला ‘ठ’ नुसत्या ‘आयकॉन्व्ह’ने परत येत नाही.

आउटपुट त्याच नावाच्या फायलीत वळवू नका. ‘आयकॉन्व्ह’ सुरू व्हायच्या आत शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) ती रिकामी करून टाकतं.