लहान मुलांच्या ऑपरेशनचा कॅम्प, कणकवली साइड: चार स्टार, पाचवा का कापला ते वाचा

ज्यांच्या घरी पोराचा हर्निया, हायड्रोसील, खाली न उतरलेली अंडगोळी, फाटलेला ओठ असलं काही ऑपरेशन पेंडिंग आहे आणि मुंबई की कोल्हापूर यातच दिवस चाललेत त्यांच्यासाठी लिहितेय. आमच्या लेकाचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन कणकवलीकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॅम्पमध्ये झालं. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारपण आहे, पण तुमच्या अंगणवाडीत आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, पोरं तपासायची सरकारी योजना) टीम येते ना, त्यांना विचारा, आम्हालाही तिथूनच कळलं.

ही टीम म्हणजे दोन डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा, 18 वर्षांपर्यंतची पोरं तपासतात. 2013 ला ही योजना देशात सुरू झाली ती आपल्या पालघरातून, म्हणजे कोकणातूनच, हे मला आत्ता आत्ता कळलं. वजन-उंची लिहून जातील असं वाटलेलं, पण त्यातल्या डॉक्टर मॅडमनी पोर रडत असताना चड्डी खाली करून नीट बघितलं आणि म्हणाल्या हा गोळा हर्निया आहे, लांबवू नका. शेजारच्या काकी तोवर बेंबीवर नाणं बांधायला सांगत होत्या!! बेंबी फुगते ते वेगळं, ते बहुतेक पोरांचं मोठं होता होता आपोआप बसतं, नाणं बांधा नाहीतर नका बांधू. जांघेतला मात्र आपोआप जात नाही आणि त्यात आतडं अडकलं तर रात्री-अपरात्री धावाधाव.

आता प्रश्न असा की सर्जन इथे मिळतो, अडतं कुठे तर भुलीपाशी. एका प्रायव्हेटवाल्यांनी सरळ सांगितलं एवढ्या लहानाला आम्ही भूल देत नाही, कोल्हापूरला न्या नाहीतर गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला. दुसऱ्यांनी हो म्हटलं पण आकडा असा सांगितला की आमच्या कलमांच्या अख्ख्या सीझनचा फायदा त्यात गेला असता. देवगड साइडच्या आतल्या वाडीतून निघायचं, एसटी पकडायची, मग घाट, आणि पावसात तो घाट चालू असेल का हे विचारूनच निघायचं, सोबत तान्हं पोर आणि सासूबाई. असो.

कॅम्पला मुंबईहून पोरांचे सर्जन येतात आणि महत्त्वाचं म्हणजे फक्त लहान मुलांनाच भूल देणाऱ्या डॉक्टर सोबत येतात. त्यांचं सामान बघूनच मला बरं वाटलं, पोराच्या मापाच्या नळ्या, बोटाला लावायचा छोटुसा प्रोब, पोर गार पडू नये म्हणून गरम हवेचं ब्लँकेट. मोठ्यांचं सामान लहानाला वापरून चालत नाही हे तोपर्यंत आपल्या डोक्यातही येत नाही. उपाशी ठेवायचा हिशोब त्यांनी कागदावर लिहून दिला, वरचं दूध 6 तास आधी बंद, आईचं 4 तास, साधं पाणी 2 तास. तरी सासूबाई वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पोराक उपाशी कित्याक ठेवलास गो?" मग नर्सबाईंनीच त्यांना मालवणीत समजावलं, तेव्हा गप्प झाल्या. झोप लागेपर्यंत मला आत थांबू दिलं. भूल दिल्यावर कमरेच्या खाली मणक्यात एक इंजेक्शन देतात त्यामुळे जाग आल्यावर दुखत नाही, आमचं रडलं ते भुकेने, पेज मिळाल्यावर शांत. संध्याकाळी घरी. पैसे शून्य.

राऊंडला सर्जन आले तेव्हा मी विचारलं की असं सगळीकडेच असतं का, तर ते उभ्या उभ्याच सुरू झाले. जगात 170 कोटी मुलांना गरज पडली तर ऑपरेशन मिळेल अशी सोय नाही म्हणाले, आणि आफ्रिकेतल्या कित्येक देशांत अख्ख्या देशाचे पोरांचे सर्जन बोटांवर मोजावेत इतके. 2015 च्या लॅन्सेट कमिशनने (लॅन्सेट हे डॉक्टरांचं नावाजलेलं नियतकालिक, त्यांनी नेमलेली तज्ज्ञांची समिती) दोन तासांत पोचता येईल असं ऑपरेशनचं ठिकाण 2030 पर्यंत किमान 80 टक्के लोकांना हवं असं म्हटलंय. मी मनात आमच्या वाडीपासून कोल्हापूर धरलं आणि सोडून दिलं.

त्यांच्याकडूनच किड्सओआर ही स्कॉटलंडची संस्था कळली, घरी येऊन वाचलं. 2018 पासून ते आफ्रिकेत पोरांसाठीची ऑपरेशन थिएटरं उभी करून देतात, भिंतींवर चित्रं वगैरे, पण डॉक्टर तिथलेच, आणि तिथल्याच डॉक्टरांच्या ट्रेनिंगला पैसे देतात. फाटलेल्या ओठावाली स्माइल ट्रेन पण 1999 पासून हेच करते, बाहेरून डॉक्टर आणून परत नेण्यापेक्षा तिथल्याच डॉक्टरला तयार करायचं. भारतातही त्यांच्याकडून फुकट ऑपरेशन होतं.

आणि माझा एक स्टार नेमका इथेच कापला गेलाय. कॅम्पवाले रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले आणि नंतर आमच्या पोराला खाली सूज आली. त्याच हॉस्पिटलात गेलो तर ड्युटीवरचे म्हणे कॅम्पच्या डॉक्टरांना विचारा, फोन लागेना, शेवटी भुलीच्या डॉक्टरांनी व्हॉट्सअॅपवर फोटो मागवून सांगितलं ही नॉर्मल आहे, उतरेल, ताप किंवा पू आला तर या. उतरलीच. पण तेवढं सांगायला इथलं कोणी नको का? शिवाय सर्दी-खोकला असलेली पोरं त्या दिवशी परत पाठवली, ते बरोबरच आहे, छातीत कफ असताना भूल देणं धोक्याचं, पण त्यांनी पुढच्या कॅम्पपर्यंत करायचं काय? एका बाईचं पोर अंडगोळीसाठी आलेलं, हे ऑपरेशन वयाच्या सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत, फार तर दीड वर्षाच्या आत व्हायला हवं, ते पोर आधीच दोनाचं आणि नाकातून शेंबूड. परत घरी.

हॉस्पिटलने त्यांच्या स्वतःच्या भूलतज्ज्ञाला मुंबईला पोरांच्या ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलंय असं ऑफिसात सांगितलं. पाठवलं की येऊन पाचवा स्टार देईन, तोपर्यंत चारच.

जाणाऱ्यांनी रेशन कार्ड, दोघांचं आधार आणि जन्म दाखला सोबत ठेवा, पोराच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना बघा नाहीतर खिडकीवर तास जातो. कॅम्पची वाट बघायची नसेल तर ज्या मोठ्या हॉस्पिटलात महात्मा फुले योजना (फुकट उपचारांची सरकारी योजना) आहे तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, त्याला तुमचं ऑपरेशन बसतं का विचारा, आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही चालते. कॅन्टीनची उसळ बरी आहे, चहा नको. आणि रिक्षा गेटच्या आत सोडत नाहीत, ऑपरेशननंतर पोराला उचलूनच न्यावं लागतं, तेवढी तयारी ठेवा.